सुतारकामाची खोली : औशातल्या नोंदी

१५ जून २०२५, रविवार

उद्या शाळा उघडतात. वाचनालयामागची पत्र्याची खोली आज रिकामी केली. जुन्या अंकांचे गठ्ठे रद्दीत गेले, खालून दोन विंचू निघाले आणि आठ पोरं नीट उभी राहतील एवढी जागा झाली. म्हणजे आठच घ्यायची, पाचवी ते सातवीतली. ‘आमच्या बारक्यालाही बसू द्या की कोपऱ्यात’ हे ऐकावं लागणारच. तेव्हा खोलीकडे बोट दाखवायचं.

रविवारी सकाळी दोन तास, लाकूडकाम, हत्यारं खरी. दुकानात मिळतो तो प्लॅस्टिकचा सुतारी संच भाच्याला कुणीतरी वाढदिवसाला दिला होता. त्यातली करवत लाकडावर घासली की नुसता ओरखडा उठतो. पोराच्या लगेच लक्षात येतं की ही वस्तू खोटी आहे, मग त्यातली हातोडी दुसऱ्याच्या डोक्यासाठी उरते. त्यात पोराचा काही दोष नाही.

शाळेत कार्यानुभव आहेच. आमच्याकडे त्यात थर्माकोल, घोटीव कागद आणि आईनं रात्री जागून केलेली फुलदाणी एवढं येतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर बाजूला ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा गावातल्या कारागिरांच्या हाताखाली काम करावं. वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेतून निघालेल्या नयी तालीमचा तर हस्तोद्योग हाच पाया होता. फिनलंडनं १८६६ पासून खेड्यातल्या शाळांत मुलांना हातकाम सक्तीचं केलं. कागदावर हे सगळं कधीचंच झालेलं आहे. राहिलंय ते शिकवणाऱ्या माणसाला खोलीत आणून उभं करणं.

(पोरांची नावं या नोंदींत लिहिणार नाही. टोपणनावांवर भागवू.)

२१ जून, शनिवार

वेशीजवळच्या सुतारमामांकडे गेले. सत्तरीच्या पुढचे आहेत, अजून जमिनीवर बसून, फळी तळपायाखाली दाबून काम करतात. मी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, “पोरांच्या हातात पटाशी द्यायलाव? उद्या बोट तुटलं की त्याची माय माझ्या दारात.”

“मामा, तुमच्या हातात कधी आली?”

“मला कळायच्या आधी. पर आमची गोष्ट सोडा.”

तयार झाले ते दोन अटींवर. धार ते सांगतील तशी हवी, आणि लाकूड पोराच्या हातात राहणार नाही, शिकंज्यात राहील. यावर बराच वेळ बोललो. धारदार वस्तूला हात लावू नकोस, हे आपण घराघरांत सांगतो. मामांचा हिशेब उलटा. पटाशी बोथट असली की पोरगं जोर लावतं, आणि जोर निसटला की ती कुठं जाईल याचा नेम नाही. धार असली की ढकललं तेवढीच जाते. लाकूड शिकंज्यानं धरलेलं असलं की दुसऱ्या हाताला पात्यासमोर यायचं काही कारण उरत नाही. पोरांच्या अंगात ताकद किती, याची काळजी ते करत नाहीत. “ताकद लागायली म्हणजे धार गेली,” एवढं बोलून त्यांनी तो विषय मिटवला.

तिथून लातूरला जाऊन खरेदी. दोनशे ग्रॅमच्या हलक्या हातोड्या, पाठीला पट्टी असलेल्या छोट्या करवती, काटकोन बघायचे गुण्ये, सी-क्लॅम्प, एक लहान रंधा, दोन पटाश्या (पाऊण इंची आणि अर्धा इंची), दुहेरी धारेचा दगड, डोळ्यांवर लावायचे पारदर्शक चष्मे. सगळ्यात जास्त पैसे क्लॅम्पवर गेले. दुकानदार म्हणाला, फर्निचरचं काम घेतलंत काय? सांगितलं, पोरांसाठी आहे. त्यानं चष्म्यांचे पैसे थोडे कमी केले.

मामांनी त्यांची एक जुनी करवत दिली आहे. तिचे दात मुठीकडं वळलेले, म्हणजे ती ओढताना कापते. दुकानातल्या ढकलताना कापतात. ओढताना पातं ताणलेलं राहतं, वाकत नाही, त्यामुळे नवशिक्याला सोपं जातं. जमिनीवर बसून काम करणाऱ्याला ओढणं सोयीचंही पडतं. दोन्ही ठेवणार आहे.

२२ जून, रविवार

फक्त हातोडी आणि खिळे. पाच मुली, तीन मुलं.

खिळा बोटांत धरायला सगळीच घाबरत होती. पुठ्ठ्याची पट्टी कापून तिच्यात खिळा खोचला आणि पट्टी लांबून धरली, की बोटं हातोडीच्या वाटेतून बाजूला राहतात. खिळा उभा राहिला की पट्टी ओढून काढायची. मामांनी दुसरी गोष्ट दाखवली. फळीच्या टोकाजवळ खिळा मारायचा असेल तर आधी खिळ्याचं टोक हातोडीनं जरासं ठेचून घ्यायचं. अणकुचीदार टोक लाकडाचे तंतू पाचरीसारखे फाकवतं आणि फळी चिरते. बोथट टोक तंतू तोडत आत जातं. पोरांना हे पटेना, म्हणून दोन्ही करून बघितलं. एक फळी चिरली, एक नाही चिरली. मग खोलीभर खिळे ठेचायचा कार्यक्रम.

हातोडी अगदी डोक्याजवळ धरायची खोड मात्र जाता जात नाही.

२९ जून, रविवार

करवत.

सगळ्यात आधी आडफळी केली. हे नाव आमचंच. वीतभर रुंद फळी, तिच्या एका टोकाला वरून पट्टी आणि दुसऱ्या टोकाला खालून पट्टी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला लाकूड टेकवायचं आणि कापायचं. छोट्या तुकड्यांना प्रत्येक वेळी क्लॅम्प लावत बसावं लागत नाही. आडफळी करताना पोरांनीच खिळे मारले, त्यामुळे मागच्या रविवारचं काम कामी आलं.

चष्मेवालीनं आज जे केलं ते सविस्तर लिहून ठेवते. पाइनची पट्टी, गुण्यानं मारलेली पेन्सिलची रेघ. तिनं करवत रेघेवर ठेवली आणि एकदम जोरात पुढं ढकलली. करवत उडाली, रेघेशेजारी ओरखडा. परत तेच. मामा जमिनीवरून उठले, तिच्या मागं उभे राहिले, हात लावला नाही. “आधी मागं ओढ. नुसतं. भार नको देऊ, करवतीचं वजन हाय तेवढं बास.” तिनं दोनतीनदा मागं ओढलं आणि लाकडात केसाएवढी खाच पडली. “आता त्या खाचेत चालव.” करवत सरकली, भुसा पडायला लागला. मग तिनं परत जोर लावला आणि पातं अडकलं.

“मामा, अडकायलीय.”

“तू दाबायलीस म्हणून अडकायलीय. दात कापत्यात, तू नाय.”

पुढच्या दहा मिनिटांत तिच्या खांद्यात फरक पडला. खांदे खाली आले, कोपर अंगाजवळ आलं आणि करवतीचा आवाज बदलला. आधी खर्र-खट-खर्र व्हायचा, नंतर एका लयीत. शेवटी तुकडा गळून पडला तेव्हा तिनं तो उचलून गुण्या लावला. फट दिसत होती. तिनं काही न बोलता दुसरी रेघ मारली.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. वर्ग नाही. दुपारी मामांकडे धार शिकायला गेले. भगरीच्या तंद्रीत दगड घासत बसणं अवघड जातं.

पटाशीची उतरती बाजू साधारण २५ अंशात असते, पण टोकाची बारीक धार जराशी उभी, ३० च्या आसपास ठेवतात, म्हणजे ती लवकर मोडत नाही. मामांना अंश माहीत नाहीत, पात्याचा दगडावर बसण्याचा आवाज माहीत आहे. आधी दगडाच्या जाड बाजूवर तेल टाकून घासायचं, मागच्या बाजूला बोटाला जाणवेल अशी उलटी कड आली की बारीक बाजूवर यायचं, मग पटाशी पालथी घालून अगदी सपाट ठेवून ती कड काढायची. पालथी बाजू कधीही तिरपी धरायची नाही. धार बघायला कागद. लोकमताचं पान फाटलं तर नाही झाली, चिरलं तर झाली.

१३ जुलै, रविवार

पालकांना बोलावलं होतं. चहा, पार्ले-जी आणि चौकशा.

लातूर इथून वीसेक किलोमीटरवर. ‘लातूर पॅटर्न’च्या सावलीत राहायचं म्हणजे पोरगं सहावीत गेलं की फाउंडेशनचा क्लास, आणि दहावीनंतर नीट नाहीतर जेईई. रविवारचे दोन तास म्हणजे दोन तासांची टेस्ट सिरीज बुडाली. एका वडिलांनी स्पष्टच विचारलं, “सुतारकी शिकून काय करणार? आमच्याकडं कुणी सुतार नाही.” मामा तिथंच बसले होते. ते बशीतला चहा फुंकत राहिले.

मी काय उत्तर दिलं ते महत्त्वाचं नाही, माझी उत्तरं नेहमी लांबतात. एका आईनं मधेच विचारलं की पोरीच्या हाताला घट्टे पडतील का. तिचे स्वतःचे दोन्ही तळहात खुरपं धरून काळे पडलेले आहेत. पडतील थोडे, असं सांगितलं. “पडू द्या,” ती म्हणाली. तेवढ्यावर आमची बैठक संपली. एक पोरगा कमी झाला, त्याच्या जागी दुसरी आली.

घरी जाताना मामांना विचारलं, तुमचा नातू का नाही येत? तो रविवारी लातूरला क्लासला जातो म्हणे. “त्याला शिकू द्या,” म्हणाले. हे वाक्य मी बराच वेळ उलटंपालटं करून बघितलं.

२० जुलै, रविवार

रंधा. पोरांना सगळ्यात जास्त आवडलेलं हत्यार हेच. लांबलचक, पातळ, गुंडाळत जाणारा छिलका निघाला की बाकी सगळं विसरतात. तासाभरात खोलीत छिलक्यांचा ढीग, त्यात एक मांजर.

दोनच गोष्टी शिकवल्या. एक, पातं तळातून जेमतेम दिसेल एवढंच बाहेर काढायचं. दुसरी, रेषा बघायच्या. लाकडाच्या रेषा फळीच्या कडेवर तिरप्या जाताना दिसतात. त्या ज्या दिशेनं वर चढतात त्याच दिशेनं रंधा मारायचा. उलटा मारला की पातं रेषेखाली घुसतं आणि ढलपा उपटून येतो. फळी फिरवून दुसऱ्या बाजूनं मारायची, बस. ‘गाठ आली तर?’ गाठीभोवती रेषा दोन्हीकडं वळतात, तिथं थोडं थोडं आणि दोन्ही बाजूंनी. फारच त्रास दिला तर गाठ पालथ्या बाजूला ठेवायची. पोरांना शेवटचा उपाय सर्वाधिक पटला.

२७ जुलै, रविवार

लाकडाचा प्रश्न. सॉ मिलमध्ये साग घनफुटावर विकतात आणि भाव ऐकून मी लगेच मागे फिरले. पोरांच्या हाताला साग देण्यात अर्थही नाही.

दोन ठिकाणांहून सोय झाली. एमआयडीसीतल्या ओळखीच्या गोदामात परदेशी यंत्रांबरोबर आलेले पाइनचे पॅलेट पडलेले होते. पॅलेट फुकट मिळतात म्हणून कोणतेही उचलायचे नाहीत. त्यांच्यावर गव्हाच्या ओंबीचा एक शिक्का असतो, त्यात देशाची दोन अक्षरं आणि पुढं प्रक्रियेची खूण. ‘एचटी’ म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीतून काढलेलं, ते पोरांच्या खोलीत नको. शिक्काच नसलेलं किंवा तेल सांडलेलंही नको. पोरांना शिक्के शोधायला लावले, एक ‘एमबी’ सापडला. त्यांनी त्यावर खडूनं कवटी काढली.

दुसरं लाकूड आमच्या गल्लीतल्या पडक्या माळवदाचं. किल्लारी आमच्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर इथं दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावर पांढऱ्या मातीचा थर म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. बरीच माळवदं उतरवली गेली, उरलेली एकेक करून उतरताहेत. तुळया सागाच्या, त्या घरमालकानं विकल्या. त्यांच्यावर आडव्या घातलेल्या बारीक लाकडांचे, म्हणजे किलचणीचे, तुकडे आम्हाला दिले. कडुलिंब आहे, थोडी बाभूळ आहे, दोन्ही हाडासारखी वाळलेली. त्यात जुने घडीव खिळे लपलेले असतात आणि एक खिळा लागला की करवतीचे दात गेले. फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून प्रत्येक तुकड्यावरून फिरवलं. मातीसुद्धा तारेच्या ब्रशनं घासून काढावी लागली, ती धार खाते. पूर्ण रविवार यातच गेला आणि लाकूड एकानंही कापलं नाही. कंटाळा मात्र कुणाला आला नाही, कारण चुंबक.

१० ऑगस्ट, रविवार

राखी पौर्णिमा काल झाली, निम्म्या मनगटांवर गोंडे. गोंडे आणि हत्यारं एकत्र नको, म्हणून सगळ्यांना राख्या वर सरकवायला लावल्या.

आज पहिलं रक्त. लाकूड शिकंज्यात होतं, पटाशी धारेची होती. लांबड्यानं खाच पाडता पाडता दुसऱ्या हाताच्या बोटानं भुसा झाडला, पटाशी न उचलता. तर्जनीला अर्धा सेंटिमीटरचा काप. नळाखाली धुतलं, स्वच्छ कापड दाबून धरलं, थांबल्यावर पट्टी. धनुर्वाताच्या लशीची चौकशी केली. सरकारी वेळापत्रकात टीडीची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते. हा अकराचा आहे, घेतली होती, आईनं कार्ड दाखवलं. बाकीच्यांच्याही पालकांना तेवढं बघून ठेवायला सांगितलं.

काप सरळ आणि स्वच्छ होता. करवतीनं किंवा बोथट पात्यानं झाला असता तर फाटका झाला असता, असं मामांनी त्याला कौतुकानं ऐकवलं. मला ते तिथं ऐकवायची गरज नव्हती असं वाटतं. आता प्रत्येक टेबलाला रंगाचा एक जुना ब्रश दोरीनं बांधलाय. भुसा ब्रशनं झाडायचा. लांबडा पुढच्या रविवारी येणारच, मिरवत.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. घरोघर मातीचे बैल पुजले, खरे बैल वेशीतून गेले ते मोजण्याएवढे. मामांच्या पडवीत एक तिफण टांगलेली आहे. संध्याकाळी तीनचार पोरं तिच्याखाली जमली आणि मामा बोलायला लागले. चाड्यातून बी सोडायचं, नळ्यांतून ते तीन फणांमागं पडतं. फणांमधलं अंतर म्हणजे दोन ओळींमधलं अंतर. दांडी कुठल्या कोनात बसवायची यावर फण किती खोल जाणार ते ठरतं. लाकूड बाभळीचं, कारण ते चिवट आणि मातीत झिजत नाही. अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत त्यांच्या दारात औत-तिफण घेऊन रांग लागायची. पैसे नव्हते, सुगीला खळ्यावर जाऊन धान्य आणायचं, ते बलुतं. आता ट्रॅक्टरमागं लोखंडी पेरणीयंत्र.

तिफणीचं जोडकाम खिळ्यांशिवाय आहे, हे चष्मेवालीच्या लक्षात आलं. एका लाकडाला काढलेलं कुसू दुसऱ्याच्या भोकात बसवलेलं, आणि वरून पाचर. पुढच्या रविवारी तेच करायचंय म्हणाली. बघू.

३१ ऑगस्ट, रविवार

घरोघर महालक्ष्म्या बसल्या. वर्ग नाही.

७ सप्टेंबर, रविवार

खुरप्याच्या मुठी. मला वाटतं आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं काम हेच झालं.

आधीच सांगून ठेवलं होतं की घरी जाऊन आईच्या (किंवा आजीच्या, ज्याच्या घरी जी खुरपते तिच्या) मुठीचं माप दोऱ्यानं घेऊन या. मूठ आवळल्यावर आतल्या पोकळीचा घेर आणि तळव्याची रुंदी. पोरं दोऱ्याला गाठी मारून आली. एका कागदावर सगळे दोरे शेजारी शेजारी चिकटवले. बाजारात मिळणारी मूठ सगळ्यांना एकच, इथं मात्र लांबड्याच्या आजीचा दोरा आणि चष्मेवालीच्या आईचा दोरा यात बोटभर फरक होता.

बाभळीचे तुकडे शिकंज्यात धरून कोपरे पटाशीनं उडवले. चौकोनाचा अष्टकोन, अष्टकोनाचे कोपरे परत उडवायचे, मग कानस, मग पॉलिश पेपर. बाभूळ कठीण, पटाशीची धार दर थोड्या वेळानं जात होती, त्यामुळे एक जण कायम दगडावर. आता हे काम सांगावं लागत नाही. पात्याला कागद लावून बघतात आणि आपणहून उठतात. मधला एक अष्टकोनी नमुना आजी आल्या होत्या त्यांनी हातात धरला आणि म्हणाल्या, हाच द्या, गोल नको, गोल फिरतं घामात. त्यावर दोघींनी आपल्या मुठी अष्टकोनीच ठेवल्या.

खुरप्याचं शेपूट मुठीत बसवायचं काम मामांचं. गिरमिटानं शेपटापेक्षा बारीक भोक, शेपूट कोळशात लाल करायचं आणि भोकात दाबायचं. ते लाकूड जाळत स्वतःची जागा करत जातं. पोरं चुलीपासून चार हात लांब, तरी धूर सगळ्यांच्या डोळ्यांत. थोडं दाबायचं, काढायचं, पुन्हा तापवायचं. पूर्ण बसल्यावर पाण्यात बुडवलं, चर्र झालं. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी आधीच चढवलेली, म्हणजे लाकूड चिरत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

तीन खुरपी परत आली. दोन घट्ट, एक डुगडुगतंय: भोक मोठं पडलं होतं. नवी मूठ. आजींनी निरोप पाठवलाय की शेजारणीलाही पाहिजे.

पाट सुरू केले. कडुलिंबाच्या दोन फळ्या शेजारी शेजारी, खालून दोन आडव्या पट्ट्या.

२८ सप्टेंबर, रविवार

गेला आठवडा लिहिण्यासारखा नव्हता. मराठवाडाभर अतिवृष्टी. मांजरा, तेरणा दुथडी. पोरांपैकी तिघांच्या घरचं सोयाबीन पाण्यात उभं आहे. आज दोघीच आल्या, त्याही घरात बसवेना म्हणून.

खोलीतली सगळी लाकडं फुगलीत. कपाटाचा खण निघत नाही, दार चौकटीत अडकतं. त्या दोघींना तेवढंच दाखवलं. मागच्या वेळी पाटाच्या फळीची रुंदी पट्टीवर टिपून ठेवली होती, आज मोजली तर दोन मिलिमीटर जास्त. लांबी तीच. लाकूड दमट हवेत रेषांना आडवं फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. पाटाखालच्या पट्ट्या फळीला आडव्या, म्हणजे पट्टीची लांबी हलणार नाही आणि वरची फळी हलणार. दोन्ही स्क्रूनं करकचून आवळलं तर उन्हाळ्यात फळी आकसताना चिरेल. म्हणून पट्टीतली मधली भोकं गोल आणि कडेची लांबट, स्क्रूला सरकायला जागा. मामा स्क्रू वापरतच नाहीत. त्यांचे जुने पाट खिळ्यांचे, खिळा थोडा वाकून फळीबरोबर हलतो. चाळीस वर्षांचा पाट त्यांच्या घरी अजून सरळ आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. हत्यारं धुऊन, तेल लावून चौरंगावर मांडली, हळदकुंकू, झेंडूची फुलं. मामांनी त्यांचा लाकूड तासायचा वाकसही आणून ठेवला. पोरांचा हट्ट की धारेचा दगडही ठेवायचा. ठेवला. आज कुणी काही कापायचं नाही. गोडधोड कमी केलं, शेतं अजून वाळायची आहेत.

५ ऑक्टोबर, रविवार

पाटांना जवसाचं तेल. जवस इथं पिकतं, घाण्यावर कच्चं तेल मिळतं. पातळ थर, अर्ध्या तासानं पुसून घ्यायचा, मग आठवडाभर वाळू द्यायचा. घाई केली तर चिकट राहतं.

तेलाच्या फडक्यांची गोष्ट मात्र कडक. जवसाचं तेल हवेत सुकताना तापतं, आणि बोळा करून टाकलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. खोली पत्र्याची, शेजारी वाचनालय. फडकी पाण्याच्या बादलीत, नंतर बाहेर तारेवर पसरून. लांबड्याकडे हे काम कायमचं दिलंय.

१२ ऑक्टोबर, रविवार

नरकचतुर्दशीच्या अंघोळीला पाट लागतात आणि आमचे पाट गल्लीत पोचलेत. चार बायकांनी पाट मागितले. पोरांची सभा भरली, भाव ठरवायला. चष्मेवाली म्हणाली शंभर. लांबडा म्हणाला पाचशे, कारण त्याच्या बोटाचा काप त्यात धरायचा होता.

मामा दारात उकिडवे बसून ऐकत होते. “मजुरी किती धरली?” त्यांनी विचारलं. कुणीच धरली नव्हती. लाकूड फुकट, म्हणून शंभर. मग मामांनी हिशेब मांडला: फळी, पट्ट्या, स्क्रू, तेल, आणि त्यांना स्वतःला असा पाट करायला लागणारे दीड-दोन तास. “तुम्ही शंभरात द्यायलाव, उद्या तीच बाई माझ्याकडं येऊन म्हणणार, पोरं शंभरात देत्यात, तुमी तीनशे का मागायलाव.” खोलीत जरा शांतता झाली. हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

शेवटी मामांच्या पाटाचा जो भाव तोच आमचा. एका बाईंनी मागणी रद्द केली, एवढ्यात तर रेडिमेड मिळतो म्हणाल्या. तिघींची उरली. पैशातून आधी करवतीला दात लावायची तिकोनी कानस घ्यायची आणि एक जादा क्लॅम्प. उरलेल्याचं काय करायचं यावर मत घेतलं, त्यात पाणीपुरी जिंकली.